मांडी, पट्टा आणि पॅडिंग्टन

मुलांच्या कार सीटच्या पाठीमागे एक नारिंगी स्टिकर असतो. सीट घरात आली तेव्हापासून त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. लंडनची तिकिटं काढली आणि मी मोबाइलचा टॉर्च लावून तो वाचायला बसले. सगळ्यात वर ‘ईसीई आर ४४/०४’, त्याखाली ‘युनिव्हर्सल’, मग ९ ते १८ किलो, आणि एका गोलात इंग्रजी ई व त्याला चिकटून ४ हा आकडा. हा आकडा सीट कुठल्या देशात मंजूर झाली ते सांगतो. १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे खुद्द ब्रिटन. ब्रिटनमध्ये गाडीत मुलासाठी जी सीट वापराल तिच्यावर हा गोलातला ई असावाच लागतो. आमच्या सीटवर होता. म्हणजे सीट न्यायला कायद्याची हरकत नव्हती. हरकत होती ती घरच्यांची.

“एवढं धूड विमानातून?” नवऱ्याने विचारलं. सासूबाईंचा मुद्दा आणखी मुळातला होता. “तुझ्या नवऱ्याला मी चेतकवर पुढे उभा करून अख्खं पुणं फिरवलंय. पडला का? मांडीसारखी सीट नाही दुसरी.”

मांडीचं प्रेम मला मान्य आहे, तिची ताकद नाही. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोचं मूल पुढे झेपावतं ते साधारण १४० किलोंच्या जोराने. हे अकरावीच्या भौतिकशास्त्रातलं गणित आहे, कागद-पेन्सिल घेऊन कुणीही करावं. आमची धाकटी १२ किलोंची. १४० किलोंचं पोतं दोन हातांत धरून ठेवणारी आजी अजून जन्माला यायची आहे.

ब्रिटनचा कायदा साधा आहे. मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोपर्यंत, त्याला योग्य सीट हवी. नसेल तर दंड ५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, आणि जबाबदारी चालवणाऱ्याची. चालवणारे म्हणजे रेडिंगला राहणारे माझे धाकटे दीर, तेव्हा त्यांच्या खिशाची काळजी मला जास्त. पण याच कायद्यात टॅक्सीला सूट आहे. टॅक्सीवाल्याकडे सीट नसेल तर मूल मागच्या सीटवर तसंच बसू शकतं. तीन वर्षांखालचं असेल तर पट्ट्याशिवाय, मोठं असेल तर मोठ्या माणसांचा पट्टा लावून. टॅक्सीत बसल्यावर आदळण्याचा जोर कमी होतो असं कुठल्या शास्त्रात सांगितलेलं नाही. सूट दिली ती सोयीसाठी, प्रत्येक टॅक्सीत प्रत्येक मापाची सीट ठेवता येत नाही म्हणून.

मग मी प्रश्नच उलटा टाकला. सीट न्यायची की नाही हे नंतर बघू. आधी गाडीत बसावं लागेल असे दिवस कोणते, ते काढू. दिराकडे जायचं तो एक, तिथून विंडसरला जायचं तो दुसरा. बाकी सगळं लंडन गाडीविना करता येईल का? येत असेल तर सीट खोलीतल्या कपाटावर पडून राहील आणि फक्त त्या दोन दिवसांपुरती खाली उतरेल. राहायला घर घेतलं तेही याच हिशेबाने, पॅडिंग्टन स्टेशनपासून चालत जाता येईल असं. हीथ्रोहून येणारी एलिझाबेथ लाइन तिथे थांबते आणि रेडिंगची गाडी तिथूनच सुटते. घरमालकिणीने जाहिरातीत खिडकीतून दिसणाऱ्या झाडांचं कौतुक लिहिलं होतं. मी फक्त लिफ्ट आहे का ते विचारलं.

हीथ्रोला उतरलो तेव्हा विमानाच्या दारात दिलेली बाबागाडी दारात मिळाली नाही, ती थेट सामानाच्या पट्ट्यावर येणार होती. नऊ-दहा तास बसून अवघडलेली धाकटी कडेवर, थोरल्याच्या पाठीवर त्याची बॅग, सासूबाई एका हाताने त्याला आणि दुसऱ्या हाताने पर्स धरून. त्या लांबच लांब बोळातून अशी आमची वरात निघाली. सीट जुन्या चादरीत गुंडाळून चिकटपट्टीने बांधली होती. पट्ट्यावरून ती आली तेव्हा शेजारचा माणूस जरा मागे सरकला. ती मोठ्या चाकाच्या बॅगेवर आडवी टाकली, सामान बांधायच्या पट्ट्याने आवळली आणि सगळा लवाजमा लिफ्टने खाली नेला.

एलिझाबेथ लाइन मे २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिच्या प्रत्येक स्टेशनवर जिना टाळून जाता येतं. पॅडिंग्टनपासून वुलिचपर्यंतच्या बोगद्यातल्या स्टेशनांत तर प्लॅटफॉर्म आणि डबा एका पातळीत, बाबागाडी दाराशी उचलावीच लागत नाही. हे मी एवढं रंगवून सांगते आहे कारण बाकीचं लंडन असं नाही. जगातली पहिली भुयारी रेल्वे १८६३ साली याच पॅडिंग्टनहून फॅरिंग्डनला निघाली. त्या काळी स्टेशनं बांधताना बाबागाडीचा आणि चाकाच्या खुर्चीचा विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता. आज अंडरग्राउंडच्या २७२ स्टेशनांपैकी जेमतेम एक तृतीयांश स्टेशनांत पायऱ्या न चढता गाडीपर्यंत पोहोचता येतं.

कोणत्या स्टेशनांत, ते नकाशावर असतं, पण नीट बघावं लागतं. स्टेशनच्या नावाशी चाकाच्या खुर्चीची खूण असते. खुणेचं वर्तुळ निळं असेल तर रस्त्यापासून थेट डब्यापर्यंत पायरी नाही. पांढरं असेल तर प्लॅटफॉर्मपर्यंत पायरी नाही, पण पुढे प्लॅटफॉर्म आणि डबा यांच्यात फट किंवा उंचवटा आहे. आमच्यासारख्यांना पांढरंही चालतं, पुढची चाकं उचलली की झालं. काहीच खूण नसेल तर मात्र कंबर कसायची. नवऱ्याने नकाशा फोनमध्ये घेतला आणि रोज सकाळी चहा पिता पिता तो “आज निळं-निळं की निळं-पांढरं?” असं विचारू लागला.

कोव्हेंट गार्डनला लिफ्ट आहे, तरी गर्दी पाहून सासूबाई जिन्याकडे वळल्या. तिथे पाटीच लावलेली आहे: जिना १९३ पायऱ्यांचा, म्हणजे पंधरा मजले. त्यांनी चष्मा सावरून पाटी पुन्हा वाचली. “पर्वतीला एकशे तीन. म्हणजे जवळजवळ दोन पर्वत्या की गं, आणि वर देवही नाही.” निमूटपणे लिफ्टच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

मुलांना घेऊन लंडन बघायचं तर माझं मत बसच्या बाजूने आहे. भुयारात वेळ वाचतो हे खरं, पण वाचवलेला वेळ लिफ्ट शोधण्यात जातो. लाल बसमध्ये मधल्या दाराशी बाबागाडीची मोकळी जागा असते, मूल झोपलं असेल तर त्याला न हलवता नेता येतं, आणि दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरची पुढची सीट मिळाली की सहा वर्षांचा मुलगा तासभर काही मागत नाही. भाडं २०२५ मध्ये १ पौंड ७५ पेन्स होतं, आणि तासाभरात दुसऱ्या बसमध्ये बसलात तर वेगळे पैसे पडत नाहीत. मुलं मोठ्यांसोबत असली तर अकरा वर्षांखालच्यांना बस आणि अंडरग्राउंड दोन्ही फुकट. मात्र मी खाली बाबागाडीशी आणि मुलगा बाबाबरोबर वर, अशी आमची फाळणी रोजच व्हायची, आणि उतरायच्या स्टॉपला फोन करून वरच्यांना खाली बोलवावं लागायचं.

त्या मोकळ्या जागेवर पहिला हक्क चाकाच्या खुर्चीचा. हा नियम पाटीवर आधीही होता, त्याला धार आली ती एका खटल्याने. २०१२ साली वेदरबीहून लीड्सला जाणाऱ्या बसमध्ये डग पॉली हे चाकाच्या खुर्चीतले गृहस्थ चढायला गेले. त्या जागेत एका बाईची बाबागाडी होती, आत मूल झोपलेलं. चालकाने विनंती केली, बाईंनी नकार दिला, पॉली मागे राहिले आणि त्यांची पुढची रेल्वे चुकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०१७ मध्ये निकाल लागला: चालकाने नुसती विनंती करून हात झटकायचे नाहीत, समोरचा विनाकारण अडून बसला असेल तर त्याला हलवण्यासाठी आणखी काही करायला हवं. मी हा खटला निघण्यापूर्वी वाचला होता. खरं सांगायचं तर वाचताना थोडी सहानुभूती त्या बाईविषयीही वाटली होती. झोपलेल्या मुलाला उठवणं काय असतं ते आईलाच ठाऊक.

ती वेळ आमच्यावर मार्बल आर्चला आली. म्युझियमला जायला ७४ नंबरची बस धरली होती, धाकटी नुकती झोपलेली. पुढच्या एका स्टॉपला टूं-टूं असा आवाज सुरू झाला आणि मधल्या दारातून फळी बाहेर सरकू लागली. स्टॉपवर चाकाच्या खुर्चीत एक आजोबा. मी एका हाताने धाकटीला काढलं, पायाने बाबागाडीची कळ दाबली, ती नेहमीप्रमाणे अर्ध्यात अडकली. मुंबईच्या लोकलमध्ये एव्हाना तीन बायकांनी पोरीला मांडीवर ओढून घेतलं असतं. इथे शेजारच्या तरुणाने आधी “मदत करू का?” असं विचारलं, मी “हो” म्हणेपर्यंत थांबला, आणि मगच गाडीला हात लावला. आजोबा आत आले, आमच्याकडे पाहून मान लववली आणि वर्तमानपत्र उघडलं. धाकटी जागी झाली ती म्युझियमपर्यंत रडत होती.

७४ नंबर घेतली कारण साउथ केन्सिंग्टनच्या भुयारी स्टेशनात पायऱ्या आहेत, आणि बस थेट व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमशी सोडते. थोरल्याला तिथे वाघनखं बघायची होती. त्याला कितीदा सांगितलं तरी पटेना, की ती २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात, साताऱ्याच्या संग्रहालयात गेली. ती शिवाजी महाराजांचीच का, याची खात्री देता येत नाही असं हे म्युझियम स्वतःच सांगतं, पण हे सहा वर्षांच्या मुलासमोर बोलायची माझी हिंमत झाली नाही. “मग आपण इथे कशाला आलो? साताऱ्याला गाडीने गेलो असतो,” तो म्हणाला. उत्तर नव्हतं. शेजारच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या दालनात छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहिला तेव्हा कुठे त्याने साताऱ्याचा विषय सोडला.

टॅक्सीचा प्रसंग टळेल असं वाटलं होतं. पण त्याच संध्याकाळी पाऊस कोसळला, सासूबाईंचा गुडघा कुरकुरू लागला आणि समोर काळी टॅक्सी उभी राहिली. या टॅक्सीचं रूप मला आवडतं. मागे सहा जण बसतात, फळी लावली की चाकाची खुर्ची किंवा उघडी बाबागाडी तशीच आत जाते, आणि चालकाला चेरिंग क्रॉसभोवतालच्या सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात. ‘नॉलेज’ म्हणतात त्या परीक्षेला, १८६५ पासून चालू आहे. आमच्या चालकाने बाबागाडी आत घेतली, पण मूल तिच्यात राहू द्यायला नकार दिला. बरोबरच होतं, वळणावर ती गाडी मुलासकट कलंडेल.

सीट कपाटावर. थोरल्याला पट्टा लावला. धाकटीचं काय? सासूबाईंनी सुचवलं, “तुझ्याच पट्ट्यात घे की तिला, दोघींना मिळून एक.” अनेक जण करतात हे, आणि मांडीपेक्षाही वाईट ते हेच. गाडी आदळली तर आईचं अख्खं वजन मुलाला पट्ट्यावर चिरडतं. पट्टा माझा मी लावला आणि तिला त्याच्या बाहेर, मांडीवर घेतलं. मध्य लंडनमधल्या बहुतेक रस्त्यांवर वेगाची मर्यादा ताशी २० मैल आहे, म्हणजे ३२ किलोमीटर. मनातल्या मनात गणित केलं: तेवढ्या वेगालाही १२ किलोंचे ११० होतात. पण हाइड पार्कच्या कडेला वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकत होती, त्याचा मला आयुष्यात प्रथमच आनंद झाला.

रेडिंगचा दिवस मात्र सीटचा. पॅडिंग्टनच्या एक नंबर प्लॅटफॉर्मवर पॅडिंग्टन अस्वलाच्या पुतळ्याशी फोटो झाले, जलद गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचलो, आणि दीर पार्किंगमध्ये गाडीशी उभे. मध्य लंडनला ते गाडी आणतच नाहीत. तिथे शिरायचे २०२५ मध्ये १५ पौंड पडत, वर पार्किंग. “भावजी, पाच मिनिटं द्या,” म्हणून मी सीट बसवायला घेतली.

ही पाच मिनिटं कुणी देत नाही, म्हणून सांगते. तोंड पुढे करून बसवायच्या सीटवर पट्टा जिथून जातो तिथे लाल खुणा असतात. तोंड मागे असेल तर निळ्या. पट्टा लाल खुणांतून ओवायचा, कुलपात अडकवायचा, मग एक गुडघा सीटमध्ये रोवून अंगाचा सगळा भार द्यायचा आणि पट्ट्याचं ढिलं टोक ओढायचं. ओढून झालं की सीट बुडाशी धरून हलवून पाहायची, इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. मग मूल बसवायचं, पण जाड कोट काढून. कोट फुगीर असतो, त्याच्यावर घट्ट वाटणारे पट्टे आत सैलच असतात. खांद्यावरच्या पट्ट्याची चिमूट धरता आली तर आणखी आवळायचं. इंग्लंडच्या मे महिन्यात धाकटी कोट काढल्यावर भोकाड पसरते. तो कोट वरून उलटा पांघरायचा.

थोरल्यासाठी जाऊबाईंनी शेजारच्या मराठी कुटुंबाकडून पाठ असलेला बूस्टर आणून ठेवला होता. वापरलेली सीट म्हटली की मी पहिलं विचारते ते हे, की ती कधी अपघातात सापडली होती का. आतला प्लास्टिकचा सांगाडा एकदा तडकला की बाहेरून कळत नाही. जाऊबाईंनी तेवढ्यासाठी शेजारणीला फोन लावला. दीर स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाले, “वहिनी, हीथ्रोची तपासणी बरी हो तुमच्यापेक्षा.” पण एम ४ वर गाडी ७० मैलांच्या मर्यादेला टेकली, म्हणजे ताशी ११२ किलोमीटर, तेव्हा मागे वळून मी त्या दोघांकडे पाहिलं आणि चादरीत गुंडाळलेलं ते धूड वाहून आणल्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. विंडसरबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. किल्ला मोठा आहे, रांगही.

थोरल्याला विचाराल तर त्याचं लंडन म्हणजे डीएलआर. १९८७ पासून चालणारी ही छोटी रेल्वे, आणि तिला मोटरमन नाही. पहिल्या डब्याच्या अगदी पुढे, जिथे मोटरमन बसायचा तिथे प्रवाशांच्या सीटा आणि समोर काच. एलिझाबेथ लाइनने कॅनरी व्हार्फला उतरून आम्ही ती धरली ग्रिनिचला जाण्यासाठी. तिच्या सगळ्या स्टेशनांत पायरी टाळून जाता येतं, म्हणून माझंही काम झालं. पुढच्या सीटवर एक सूट घातलेले गृहस्थ बसले होते. मुलाचा चेहरा बघून ते उठले, पण लांब गेले नाहीत, त्याच्या मागे उभे राहून तेही रूळ बघत राहिले.

परतताना दीर म्हणाले, “सीट इथेच टाका, कुणालाही कामाला येईल.” मी ऐकलं नाही. मुंबईला उतरून पुण्याला यायचं ते द्रुतगती मार्गाने, आणि तिथे मर्यादा ताशी १०० ची. आपल्याकडेही कायदा आहे: २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ बी आलं, चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय गाडीत असेल तर दंड १,००० रुपये.

विमानतळावर पहाटे भाड्याची गाडी आली. मागच्या सीटवर नवं कोरं रेक्झिनचं कव्हर. मी पट्टे चाचपले, कुठेच लागेनात.

“पट्टे आहेत मॅडम,” चालक म्हणाला, “कव्हरच्या खाली आहेत.”

“मग काढावं लागेल कव्हर.”

“मॅडम, कालच टाकलंय. मालक ओरडेल.”

नवरा “जाऊ दे” म्हणायच्या बेतात होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. सासूबाई बाकड्यावर बसून होत्या. म्हणाल्या, “अहो, तिची सीट दोन बोटंही हलत नाही असं होईपर्यंत ही निघायची नाही. आम्ही लंडनला बघितलंय. काढा तुम्ही.”

कव्हराच्या मागच्या नाड्या सोडल्या. खालून आधी एक शेंगदाण्याची पुडी निघाली, मग एका बाजूचा पट्टा. मधलं कुलूप आत घुसलेलं होतं, ते चालकाने स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून वर काढलं. मी गुडघा रोवला. त्याने दाराशी उभं राहून सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, “केवढ्याला पडते ही?” मी किंमत सांगितली. “हप्त्याने मिळते का?” तो म्हणाला, आणि डिकी लावायला मागे गेला.